गांधार तसाच राहू दिला: कोथरूडमधल्या एका छोट्या स्टुडिओचा अनुभव

गेल्या महिन्यात मी माझी स्वतःची बंदिश पहिल्यांदा रेकॉर्ड केली. राग भूप, झपताल. ८ वर्षं ती वहीत पडून होती, कारण दर वेळी वाटायचं, अजून नीट बसली नाही. शास्त्रीय गाण्यासाठी कुणी स्टुडिओ शोधत असेल, तर त्यांच्यासाठी लिहिते आहे.

जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तानपुरा घेऊन जाणार असाल तर अर्धा तास आधी पोचा. एसीच्या खोलीत तारा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. ताशी ७०० रुपये. टेक चालू असताना एसी बंद करतात. उकडतं, पण मागे घरघर येत नाही.

चार टेक झाले. तिसरा सगळ्यांत जिवंत होता, पण अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) आवाज फाटला होता आणि एका तिहाईनंतर (तीनदा म्हटलेल्या तुकड्यानंतर) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, केसभर उशिरा आली होती. मी म्हटलं, "सॉफ्टवेअरमधून सगळं सुरात आणून द्या." रेकॉर्डिस्ट तिशीच्या आतला मुलगा. "करतो ताई, पण आधी एक ओळ ऐका," म्हणाला आणि स्थायीची, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाची, पहिली ओळ 'दुरुस्त' करून ऐकवली.

गांधार, म्हणजे 'ग', चढला होता! ते सॉफ्टवेअर पियानोचे सूर प्रमाण धरून चाललं होतं. त्यातला शुद्ध गांधार तानपुऱ्यात आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा साधारण १४ सेंट वर असतो; सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट. आकडा लहान वाटतो, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वरच गांधार. खर्जाच्या (खालच्या 'सा'च्या) तारेतून उमटणारा गांधार खाली, माझा वर, आणि दोघांमध्ये बारीक थरथर. मूळ टेकमध्ये तो तानपुऱ्यात विरघळला होता. पंचमावरून ('प'वरून) गांधारावर अखंड घसरत येणारी मींडही जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटली होती.

मग मी हट्टाने फक्त तार षड्ज दुरुस्त करून घेतला. सूर जागेवर बसला. पण त्या जागी शब्द 'थांब' आहे. जाणाऱ्याला हाक मारताना आवाज फाटतो, तसा तो फाटला होता, आणि दुरुस्तीनंतर त्यात हाकच उरली नाही. मी तिसरा टेक जसाच्या तसा घेतला, उशिरा आलेल्या समेसकट.

एक तक्रार: ते रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) फार घालतात, कमी करायला आधीच सांगा. फाइल मात्र त्याच संध्याकाळी मिळाली.

तो षड्ज मला अजून खुपतो. घरी ऐकताना तिथे आलं की पोटात कालवतं. तरी ती बंदिश मी माझ्या गुरुभगिनींना पाठवली, आणि वहीतल्या बागेश्री रागाच्या बंदिशीसाठी पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे.