टी३ व्हॅनमध्ये १.९ टीडीआय: ९० हॉर्सपॉवरवालंच घ्या

फोक्सवॅगनची टी३ व्हॅन, म्हणजे अमेरिकेत जिला व्हॅनॅगन म्हणतात ती, तिच्यात डिझेल इंजिन टाकायचंय तर कोणतं टाकू असं मला बरेच जण विचारतात आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न पॉवरचाच असतो, ११० मिळेल का, १३० मिळेल का. माझ्या गाडीत १.९ टीडीआय आहे, म्हणजे फोक्सवॅगनच्या कारमधलं १.९ लिटरचं टर्बो डिझेल, एएचयू कोडचं (फोक्सवॅगन इंजिनच्या प्रत्येक प्रकाराला असा वेगळा कोड देते), ९० हॉर्सपॉवर, २०२ न्यूटन मीटर टॉर्क. लांबच्या प्रवासाला, सामान भरून, चढावर, सगळीकडे चालवून झालंय आणि मी खूष आहे. का ते सविस्तर लिहितो.

आधी गिअरबॉक्स बघा, मग इंजिन. युरोपात या व्हॅनला कंपनीने नेहमीच्या मॉडेलमध्ये दिलेलं सगळ्यात दमदार पेट्रोल इंजिन म्हणजे २.१ लिटरचं, ११२ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १७४ च्या आसपास. म्हणजे साधं ९० वालं टीडीआय टाकलं तरी गिअरबॉक्सवर आधीपेक्षा जास्तच जोर येतो, आणि तोही खालच्या आरपीएमला, १९०० लाच. एएफएन हे ११० वालं इंजिन २३५ न्यूटन मीटर देतं, ते बसतं, पळतंही मस्त, पण गाडी लोड करून चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबून धरायची सवय असेल तर गिअरबॉक्स किती दिवस साथ देईल याचा विचार तुम्हीच करा. मला व्हॅन दहा वर्षं चालवायचीय, शर्यत लावायची नाहीये.

दुसरी गोष्ट इंजिन बसतं कसं. टी३ चं इंजिन मागे डिकीखाली असतं, आणि कंपनीचं डिझेल तिथे ५० अंशात आडवं कललेलं असतं, कारण वर डिकीचा पत्रा येतो. टीडीआय ज्या कारमधून निघतं तिथे ते जवळजवळ उभं असतं. त्यामुळे जुन्या टी३ डिझेलचं ऑइल चेंबर, ऑइल पंपाचा सक्शन पाईप, इंजिनचे ब्रॅकेट आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर) हे सगळं लागतंच, पेट्रोलवाल्या व्हॅनचं बेलहाउसिंग चालत नाही. १झेड, एएचयू, एएफएन या इंजिनांचा ब्लॉक जुन्या १.६ डिझेलच्याच घराण्यातला आहे म्हणून ते ब्रॅकेट त्यांना लागतात. नंतरच्या एएलएच मध्ये जुन्या ब्लॉकमध्ये ऑइल पंप फिरवणारा इंटरमीडिएट शाफ्टच नाही, ब्लॉक वेगळा, तिथे ब्रॅकेट तसेच्या तसे बसत नाहीत, जुगाड करावा लागतो. इंजिन चांगलंय, पण या व्हॅनसाठी कटकट जास्त. आणि इंजिन कललं की टर्बोतून तेल परत येणारा पाईप उतरता राहतोय का ते आवर्जून बघा, तिथे तेल साचलं की टर्बोच्या सीलमधून निघून धूर सुरू होतो आणि लोक टर्बो खराब झाला म्हणून नवीन टर्बो घेत बसतात.

पंपावरूनही निवड ठरते. ९० वाल्यात डिझेल पुरवणारा व्हीपी३७ रोटरी पंप आहे, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा, म्हणजे इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, ॲक्सिलेटर पेडल, एअर मास सेन्सर हे सगळं त्याच गाडीतलं घ्यावं लागतं. तिसऱ्या सिलेंडरच्या डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून निघालेली सेन्सरची वायर तुटलेली नाही ना ते घेतानाच बघा, काढताना तीच हमखास ओढली जाते. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी सोय) असेल तर त्याचीही सोय आधीच करून ठेवा, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. पीडी इंजिनं, म्हणजे ज्यात प्रत्येक सिलेंडरला कॅमवर चालणारा वेगळा पंप-नोझल असतो, त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. त्यांना तेल ठरावीक ग्रेडचंच लागतं, ते चुकलं की कॅम झिजतो, आणि पुढे कधी इलेक्ट्रॉनिक्सला कंटाळलात तर मेकॅनिकल पंप लावायचा रस्ताच बंद.

ज्यांना वायरिंग अजिबात नकोय त्यांच्यासाठी एएझेड आहे, १.९ लिटरचंच, ७५ हॉर्सपॉवर, पूर्ण मेकॅनिकल पंप. इंजिन बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडला एक वायर आणि हीटर प्लगचं कनेक्शन, झालं काम. कुठेही रस्त्यात दुरुस्त होतं. फक्त ते इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे डिझेल थेट सिलेंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं, ॲव्हरेज टीडीआयएवढं येत नाही आणि भरलेल्या कॅम्परला चढावर दम कमी पडतो. रिकामी हलकी व्हॅन असेल तर मात्र मी बिनधास्त एएझेड सुचवेन.

आता तक्रारी. आवाज आहे, नाही कसा असेल, इंजिन मागच्या सीटच्या पलीकडेच, डिकीच्या पत्र्याला जाड इन्सुलेशन लावल्याशिवाय लांबचा प्रवास त्रासाचा होतो. गिअर रेशो ही त्याहून मोठी तक्रार. जुन्या टी३ डिझेलचा गिअरबॉक्स ५० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी बनवलेला, गिअर छोटे, त्यामुळे हायवेवर टीडीआय उगाच ओरडत राहतं आणि त्याचा खरा फायदा, कमी आरपीएमचा टॉर्क, वाया जातो. टॉप गिअर लांब करून घ्या, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम कमी राहील असा, हा खर्च वाचवू नका, टर्बो मोठा करण्यापेक्षा याने गाडी जास्त सुधारते, माझ्या गाडीत इंजिनानंतरचा सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

कूलिंगचं पण सांगतो, रेडिएटर पुढे नाकात, इंजिन मागे, मधे पूर्ण गाडीखालून पाईप, त्यामुळे हवा अडकायला भरपूर जागा. गाडीचं नाक उंच करून रेडिएटरच्या वरच्या स्क्रूमधून हवा पूर्ण काढा, अडकलेल्या हवेने हेड खरंच गरम होऊ शकतं, तोवर गाडी लांब नेऊ नका.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्लचप्लेट, मागचं ऑइल सील नवीन टाका. विकणारा कितीही म्हणाला की बेल्ट आत्ताच बदललाय तरी टाका, बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला लागतात आणि हेड गेलं. बसवल्यावर लॅपटॉप लावून पंपाचं टायमिंग बघून घ्या, नुसतं कानाने ऐकून सेट केलेलं टीडीआय सकाळी थंडीत धूर मारतं. आणि इंजिन नंबर बदलतोय, तेव्हा नोंदणीचं काय करावं लागेल ते इंजिन विकत घ्यायच्या आधी विचारा.