मधला ट्रक दिसला, कुकर राहिला

मी मध्य रेल्वेचा निवृत्त मोटरमन. वय ६७, मुक्काम मुलुंड. दोन महिन्यांपूर्वी सुनेने टॅबवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप टाकून दिलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

त्यातला एकच खेळ कामाचा. पडद्याच्या मधोमध क्षणभर मोटार किंवा ट्रक चमकतो आणि त्याच क्षणी कडेला कुठेतरी एक चिन्ह. मध्ये काय होतं, कडेचं कुठे होतं, दोन्ही सांगायचं. जमलं की पुढचं चित्र आणखी कमी वेळ दिसतं. कुर्ला ते सायन आम्ही दुसरं काय करत होतो? नजर सिग्नलवर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात रूळ ओलांडणारा माणूस. इथे चुकलं तर नुसतं टुंग वाजतं. पहिला आठवडाभर मला कडेचं चिन्ह दिसतच नव्हतं. आता दिसतं.

सून म्हणाली, बाबा, या प्रकारावर अमेरिकेत मोठी चाचणी झालीय, ‘ॲक्टिव्ह’ नावाची. १९९८ मध्ये सुरू झाली, ६५ च्या पुढचे २,८०० हून जास्त लोक, पाच-सहा आठवड्यांत दहा बैठका. दहा वर्षांनी पाहिलं तर वेगाच्या आणि तर्काच्या सरावाचा परिणाम टिकला होता, पाठांतराच्या युक्त्यांचा नाही. ते ऐकून मी पत्ते जुळवायचे खेळ सोडले. तसेही कंटाळवाणेच होते.

पण खेळात हुशार झालो म्हणून घरात झालो असं नाही. परवा हिने बजावलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी ट्रक टिपत बसलो. सातव्या शिट्टीला शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. वरणाचं काय झालं ते विचारू नका.

आता तक्रार. सूचना सगळ्या इंग्रजीत, तेही बारीक अक्षरांत. हे म्हणे ज्येष्ठांसाठी! रात्री दहाला ‘आजचा सराव राहिला’ म्हणून टॅब किणकिणतो. उघडताच ‘विस्मरण दूर ठेवा’ असा दावा. असल्याच जाहिरातींपायी २०१६ मध्ये अमेरिकेत लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपवाल्यांना २० लाख डॉलर भरावे लागले होते. आणि सात दिवस फुकट म्हणाले, आठव्या दिवशी अख्ख्या वर्षाचे पैसे कापले. तीनदा लिहिलं, तीनदा तेच छापील उत्तर.

पाचपैकी अडीच तारे, तेही त्या ट्रकचे. घेणार असाल तर आधी यूपीआयचा ऑटोपे बंद करा.