पॅनोरमिकच्या नावाखाली साधा कॅमेरा गळ्यात मारला

अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं की वाघूर नदीच्या वळणावरची लेणी घोड्याच्या नालेसारखी एका नजरेत येतात. ती अख्खी रांग एकाच निगेटिव्हवर घ्यायची, हे कैक वर्षांपासून माझ्या मनात होतं. जालन्यात आमचा जुना फोटो स्टुडिओ आहे, डार्करूम अजून चालू आहे. म्हणून 'पॅनोरमिक फिल्म कॅमेरा, 35 एमएम, चालू स्थितीत, 22,000 रुपये' ही जाहिरात दिसली आणि मोह आवरला नाही. पॅनोरमिक म्हणजे नेहमीपेक्षा खूप रुंद, लांबट फोटो काढणारा.

फोटो तीनच होते. दोन समोरून काढलेले, एक लांबट प्रिंटचा. विकणारा गोड बोलायचा. "सर, एका रोलमध्ये पूर्ण 36 फोटो येतात. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, लवकर सांगा." मी सगळे पैसे एकदम पाठवून दिले.

कुरिअरचा खोका हातात घेतला आणि पोटात गोळा आला. इतका हलका? कॅमेरा शर्टाच्या खिशात बसत होता.

खरा पॅनोरमिक कॅमेरा एवढा लहान होऊच शकत नाही. साध्या कॅमेऱ्याची फ्रेम, म्हणजे फिल्मवर एका फोटोला मिळणारी जागा, 24 × 36 एमएम, तर 1998 मध्ये आलेल्या हॅसलब्लाड एक्सपॅनची 24 × 65. एवढी फिल्म सपाट धरायची, एका अंगाला रोलची डबी, दुसऱ्या अंगाला फिल्म गुंडाळणारा स्पूल. म्हणून त्याची बॉडी साडेसोळा सेंटिमीटर रुंद आहे. रशियन होरायझन 202 मध्ये फिल्म कमानीसारखी वाकवलेली असते आणि लेन्स तिच्यासमोरून फिरते. तिथेही फ्रेम 58 एमएमची आहे.

आमच्या स्टुडिओतल्या जुन्या काकांनी माझ्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून पट्टी लावली. रुंदी 36. वर-खाली काळ्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, मधे 13 एमएमची फट. "अरे, हा तर साधाच कॅमेरा आहे, वरून-खालून झाकलेला," काका म्हणाले. रुंदी तसूभरही वाढत नाही, फक्त आभाळ आणि जमीन कापली जाते. 1990 च्या दशकात असे स्वस्तातले कॅमेरे भरपूर विकले गेले. त्यातून 30 सेंटिमीटर रुंद प्रिंट काढायची तर निगेटिव्ह आठ पटींहून जास्त मोठी करावी लागते. एक्सपॅनची साडेचार पटींच्या आसपास. इतकं मोठं केल्यावर प्रिंटमध्ये फिल्मचे दाणे उठून दिसतात ते वेगळंच.

त्या '36 फोटो'तच सगळं होतं. 36 फोटोंच्या रोलवर एक्सपॅन 21 पॅनोरमा देतो. पूर्ण 36 येतात म्हटल्यावर फ्रेम साधीच असणार, एवढा हिशेब मी केला नाही, याचं फार वाईट वाटतं. तुम्ही आधी झाकण उघडून, फ्रेमवर पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. तो मिळेपर्यंत एक रुपयाही टाकू नका.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "त्यावर पॅनोरमा लिहिलंय ना? मग फसवलं कुठं?" त्यानंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच तीन, किंमत 19,000.