पहिलं ऑर्किड: फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम की व्हँडा?

वास्तुशांतीला कुणीतरी पांढरं फॅलेनॉप्सिस आणून दिलं, तिथून हे वेड लागलं. अडीच महिने फुलं जशीच्या तशी होती. घरी येणारा प्रत्येक जण पाकळी चिमटीत धरून "खरं आहे का हो?" विचारायचा. जुलैत ते सडलं. आज आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी आणि पश्चिमेची गॅलरी मिळून १९ रोपं आहेत, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, सुरुवात कशाने करू?

रोपवाटिकेत बहुतेक वेळा हे तीनच प्रकार समोर येतात. फूल बघून निवडायचं म्हटलं तर हात फॅलेनॉप्सिसकडेच जातो, कारण ते फुललेलं विकायला ठेवतात; व्हँडा बिचारं नुसती मुळं लोंबकळत टांगलेलं असतं. पण फुलं असतात दोन-तीन महिने. उरलेलं वर्ष पानांबरोबर आणि मुळांबरोबर काढायचं असतं. म्हणून मी आधी दोनच गोष्टी विचारते: खिडकीत ऊन किती येतं, आणि पाणी घालणारा हात विसराळू आहे की उतावळा?

उन्हाची परीक्षा सोपी आहे. सकाळी दहाच्या सुमारास, रोप जिथे ठेवणार तिथे फूटभर उंचीवर हात धरा. सावली पुसट, कडा विरघळलेल्या दिसल्या तर ती जागा फॅलेनॉप्सिसची. बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट सावली पडली तर डेंड्रोबियम किंवा व्हँडा. सावलीच दिसत नसेल तर मनी प्लांट आणा, खरंच.

फॅलेनॉप्सिस घरात ठेवायला सगळ्यांत सोयीचं आहे. जागा थोडी, पानं रुंद, फुलं दोन-तीन महिने टिकतात. पूर्वेच्या खिडकीत जाळीच्या पडद्याआड ते खूश असतं. नागपूरकडच्या उन्हाळ्यात त्याला बाहेर काढूच नका. घरात, कूलर चालू असलेल्या खोलीत, पण थेट झोतात नाही, असं ठेवलं तर हवेतला ओलावा आयता मिळतो. फुलाचा दांडा यायला त्याला काही आठवडे थंड रात्री लागतात, साधारण २५ अंशांच्या खालच्या. मुंबईत त्या हिवाळ्यातच मिळतात, त्यामुळे नवा दांडा बहुधा थंडीतच दिसतो. पुणे-नाशिकवाल्यांना ही चिंता नाही.

त्याचे दोन शत्रू म्हणजे शेवाळ आणि पोंगा. दुकानातून येताना मुळं ओल्या शेवाळात गच्च बांधलेली असतात. वरून शेवाळ वाळलेलं दिसतं, आत ओलं असतं, आपण परत पाणी घालतो. माझं पहिलं रोप असंच गेलं. फुलं संपली की ते शेवाळ सोडवा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा लोणारी कोळसा यांत रोप लावा. माती अजिबात नको. पोंग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या बेचक्यात, पाणी साचलं तर रोप मधूनच कुजतं, आणि त्याला एकच शेंडा असल्याने मग फारसं हाती लागत नाही. म्हणून पावसाची झड येते त्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस नको. मुळं रुपेरी झाली की पाणी, हिरवी असेपर्यंत थांबायचं; पारदर्शक कुंडी घेतलीत तर हे बाहेरूनच कळतं. विसराळू माणसाला हे रोप क्षमा करतं, उतावळ्याला नाही.

डेंड्रोबियमबद्दल मी जरा पक्षपाती आहे. बुके आणि लग्नाच्या मांडवात दिसणारी ती जांभळी-पांढरी फुलं याचीच. 'सोनिया' नावाचा संकर. त्याला उसासारखी कांडं येतात आणि त्यांत पाणी साठवलेलं असतं. आठवडाभर गावाला गेलात तरी रोप तग धरतं. एक कांडं सडलं तरी बाजूची जगतात. मुंबई, कोकण, गोवा इथला उकाडा त्याला मानवतो, पाऊस थेट अंगावर घेतलेलाही चालतो, फक्त पाणी झटकन निथळलं पाहिजे. अंगण असेल तर कुंडीचा प्रश्नच मिटतो: काथ्याने आंब्याच्या खोडाला बांधून टाका, मुळं स्वतःच साल पकडतात.

पण घेताना एक गोष्ट नक्की बघा, कारण विकणारा दोन वेगळ्या स्वभावांच्या झाडांना 'डेंड्रोबियम' एवढंच म्हणतो. एकाचा फुलांचा दांडा कांड्याच्या टोकाजवळून निघतो आणि फुलं त्या दांड्यावर ओळीने येतात. छंदी मंडळी त्याला 'डेन-फॅल' म्हणतात. उष्ण शहरांसाठी हेच. दुसरं नोबिल गटातलं: त्याची फुलं कांड्याच्या पेरापेरांना चिकटून येतात. ती आणायला त्याला थंड आणि कोरडा हिवाळा लागतो. आमच्या समुद्राकडच्या दमट हवेत ते फुलांऐवजी पेरांवर पिलं काढत बसतं. मी एक नोबिल चार वर्षं सांभाळलं. सात पिलं झाली, फूल शून्य. पिलं वाटून वाटून सोसायटीत माझं नाव मात्र झालं. महाबळेश्वरकडे घर असेल तर जरूर आणा.

दुसरी चूक नीटनेटकेपणाची. फुलून गेलेलं, पानं झडलेलं कांडं वाळकी काडी समजून आपण छाटतो. ते हिरवं आणि टणक असेल तर राहू द्या. नव्या कोंबाला तेच पोसतं, कधीकधी पुन्हा फुलतंही. पानांचा रंग बघत राहा: गडद हिरवा म्हणजे ऊन कमी, पोपटी म्हणजे बरोबर, तांबूस झाक म्हणजे जरा जास्त. फूल येत नाही अशी तक्रार करणाऱ्या दहापैकी बहुतेकांच्या डेंड्रोबियमची पानं मला गडद हिरवीगार दिसली आहेत. पश्चिमेच्या कडक उन्हाला ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट पुरते.

व्हँडा सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत हट्टी. हे नाव संस्कृतातल्या 'वंदा' शब्दावरून आलंय आणि त्या शब्दाचा अर्थ बांडगूळ. माझी आई सगळ्याच ऑर्किडना बांडगूळ म्हणते. शब्दाने ती बरोबर आहे, शास्त्राने नाही, कारण ही झाडं दुसऱ्या झाडावर नुसती बसतात, त्याचा रस शोषत नाहीत. व्हँडाला कुंडी नाही, कोळसाही नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोपलीत उघडी मुळं लोंबत ठेवायची. म्हणून त्याला रोज पाणी, एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा. नुसता फवारा मारून भागत नाही, मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवायची. मी बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवते. निथळणारं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं, यावरून आमच्याकडे दोनदा मिटिंग झाली. कोकणातल्या पडवीत किंवा आजी-आजोबा दिवसभर घरी असतात अशा घरात व्हँडा शोभतं. दोघंही आठला बाहेर पडत असाल तर नको. खालची पानं एकेक करून गळायला लागली की समजा, ते तहानलंय.

सांभाळायच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. फुललेलं फॅलेनॉप्सिस मी घेतलेल्या डेंड्रोबियमच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडलं, एवढंच. खत तिघांनाही तेच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरभर पाण्यात चिमूटभर, आठवड्यातून एकदा, आणि तेही मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून मगच. बोअरचं जड पाणी असेल तर पावसाचं साठवा. पिठ्या ढेकूण पानाच्या खालच्या बाजूला लपतो, पावसाळ्यात गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोकं खातात. टॉर्च घेऊन फिरा.

चौथा पर्याय काही जण सुचवतात: घाटातून सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड आणायचं. मे-जूनमध्ये पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लोंबणारे घोस झाडावर दिसले की मोह होतोच. आसामात हिलाच 'कोपौ फूल' म्हणतात आणि बिहूत मुली केसांत माळतात. पण झाडावरून ओरबाडलेल्या रोपाची मुळं सालीवरच तुटून राहतात, घरी आणून ते बहुधा वर्षभरही जगत नाही. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, रुजायला बुरशीची सोबत लागते आणि फुलायला कित्येक वर्षं जातात. आपण एक नेलं तर तिथे ते सहज परत येत नाही. हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली मागा.

तर खिडकीत मंद उजेड आणि कोरडी जागा असेल तर फॅलेनॉप्सिस, गॅलरीत सकाळचं ऊन असेल तर डेन-फॅल, आणि व्हँडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. दोन्ही जमण्यासारखं असेल तर मी डोळे झाकून डेन-फॅल सांगेन. घ्यायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये: तेव्हा नवे कोंब आणि मुळं फुटायला लागतात आणि पावसाआधी रुळायला तीनेक महिने मिळतात. फुललेलं घेतलंत तरी निदान दोन कळ्या मिटलेल्या असलेलं घ्या, आणि कुंडी उचलून तळाची भोकं बघा. तिथून टणक, पांढरं मूळ डोकावत असेल तर पैसे द्या.