मोतीबिंदू ‘विरघळवणारे’ थेंब: शेरा बाटलीवर, हिशेब वाया गेलेल्या महिन्यांचा

मोतीबिंदूवर म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांत मुख्यतः तीन प्रकार दिसतात: एन-अ‍ॅसिटिल कार्नोसिन, पायरेनॉक्सिन आणि पोटॅशियम आयोडाइड-कॅल्शियम क्लोराइड. तिन्हींवर शेरा एकच, मोतीबिंदूसाठी घेऊ नका. कार्नोसिनचा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये तपासला, भरवशाचं काही हाती लागलं नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, आणि या भिंगातली प्रथिनं एकदा गोठली की गोठली. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही.

मग लोकांना गुण येतो तो कसला? काही द्रावणांत वंगण असतं, त्याने कोरड्या डोळ्याची चुरचुर थांबते. दुसरं कारण अधिक फसवं. भिंगाचा गाभा कडक होताना डोळ्याला मायनस नंबर येतो आणि साठीतला माणूस चष्म्याविना पेपर वाचू लागतो. श्रेय बाटलीला! प्रत्यक्षात मोतीबिंदू वाढतोय. लांबच्या बसची पाटी वाचायला सांगा, कळेल.

थेंबांपायी शस्त्रक्रिया लांबली की भिंग तपकिरी, टणक होतं. ते फोडायला मशीनची जास्त ऊर्जा लागते, त्याचा मार बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या पेशींना बसतो. अशा वेळी नेहमीच्या २-३ मिमीच्या छेदाऐवजी सुमारे ६ मिमीचा छेद घेणं बरेचदा सुरक्षित ठरतं. भिंग फुगलं तर डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) निचरण्याची वाट बंद होते. अतिपिकलं तर त्यातून झिरपलेली प्रथिनं तीच वाट तुंबवतात. दोन्हींत डोळ्याचा दाब चढतो. डोळा लाल, प्रचंड ठणका, डोकेदुखी, उलटी. घरचे पित्त समजून गोळी देतात. दाब आधी उतरवून मग भिंग काढता येतं, पण तोवर मेलेली दृष्टीची नस परत येत नाही. त्यामुळे ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्लाही बाटलीइतकाच टाकाऊ.

मधुमेह्यांचं दुखणं वेगळं: गढूळ भिंगाआडचा पडदा डॉक्टरांना दिसत नाही, तिथला रक्तस्राव लपून राहतो. शिवाय अंधुक नजरेने जिन्यावर पडून खुब्याचं हाड मोडणं आलंच.

मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घालणं तर याहून वाईट. निर्जंतुक नसलेल्या द्रवाने जखम होऊन फूल पडू शकतं.

आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. फरक वाटला तर तपासणी. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमाखाली कृत्रिम भिंगासह शस्त्रक्रिया मोफत होते.