व्हॅली ऑफ फ्लॉवर्स की तीर्थन? दोघांनीच जायचं असेल तर

परवा भाचा आणि सूनबाई सकाळी पोहे खायला आले होते. लग्नाला दोन वर्षं झाली, आता दोघांनाच हिमालयात जरा आत कुठेतरी जायचंय. "मामा, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स करू की तुमचं ते तीर्थन?" व्हॅली म्हणजे उत्तराखंडातली फुलांची दरी आणि तीर्थन म्हणजे हिमाचलातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, त्यातल्या तीर्थन नदीच्या बाजूने. आम्ही नवरा-बायकोने दोन्ही केलं आहे. आधी ऑगस्टात व्हॅली, मग दोन वर्षांनी ऑक्टोबरात तीर्थन. दोन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे निसर्गरम्य वगैरे धरूनच चाला.

आधी रजेचं बघा. व्हॅली खरी फुलते जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, म्हणजे ऐन श्रावणात. घरी मंगळागौर, मग गणपती, महालक्ष्म्या. शिवाय ऋषिकेश ते जोशीमठ रस्ता पावसात कधी बंद पडेल ते कुणी सांगू शकत नाही. आमचा एक अख्खा दिवस दरड उपसण्याची वाट बघत, दुसऱ्यांच्या गाडीतली बिस्किटं खात गेला. तीर्थनला दसरा ते दिवाळी हा काळ छान, पाऊस सरलेला असतो. फक्त कुल्लूचा दसरा आपला दसरा संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. तेव्हा त्या बाजूच्या बस भरलेल्या असतात, तो आठवडा टाळा.

जायला आपल्या इंदूरहून दोन्ही सोपं. हरिद्वारला थेट गाडी आहे, पण रोज नाही. मालवा एक्सप्रेस रोज आहे. अंबाला कँटला उतरायचं, मनालीची बस धरायची आणि औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचं. तिथून बंजार, पुढे गुशैनी.

आता चालण्याबद्दल. व्हॅलीला गोविंदघाटहून जीपने पुलना आणि मग 10 किलोमीटर चढत घांघरिया, मुक्कामाचं गाव. 2013 च्या पुरात जुनी वाट बरीच वाहून गेली, तरी आताची वाट रुंद आणि बांधलेली आहे. हेमकुंड साहिबचे यात्रेकरू याच वाटेने जातात, त्यामुळे चहा, मॅगी, माणसं कशाचीच कमी नाही. आणि खेचरं! पावसात खेचरांच्या मागून चालणं म्हणजे काय ते इथे लिहीत नाही, सकाळी पोहे खात वाचणारेही असतील. पण घांघरियात पक्की खोली मिळते, संडास मिळतो, आणि बायकांच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही. हेमकुंडला 4,300 मीटरवर गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा हातात आला तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थंडीमुळे, असं ती म्हणते.

फुलांबद्दल एकच सांगतो. पुष्पावती नदीचा पूल ओलांडून वर आलो आणि ही एकदम थांबली. "अहो, तेरडा!" खरंच, गौरीच्या तेरड्याच्या जातीचीच गुलाबी फुलं, डोंगरच्या डोंगर. 1931 साली गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार कामेत शिखरावरून परतताना इथे पोचले आणि जगाला ही दरी कळली. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, आणि मग पॉलिगोनम नावाचं तण इतकं माजलं की दरवर्षी माणसं लावून ते उपटावं लागतं. मेंढ्या गेल्या आणि तण आलं, हे मला फार गमतीचं वाटलं.

आणि आता खरी अडचण. व्हॅलीत मुक्काम करता येत नाही. सकाळी फाटकातून आत जायचं, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत बाहेर पडायचं. नियमात चूक काहीच नाही, दरी 87 चौरस किलोमीटरची, तंबू पडले तर फुलं राहायची नाहीत. पण हिला वही घेऊन चित्रं काढत बसायची सवय आहे. एक फूल काढायला तास लागतो, कधी दीड. पहिल्या दिवशी जोन लेग हिच्या कबरीपर्यंत गेलो. ही बाई 1939 मध्ये फुलं गोळा करताना कड्यावरून पडून तिथेच गेली. जवळच आमच्या हिला निळी पॉपी सापडली. चार पाकळ्यांपैकी अडीच झाल्या, आणि वरून पहारेकऱ्याची शिट्टी. ढग नुकते फाटले होते, समोरचा बर्फ दिसायला लागला होता, आणि आम्ही घड्याळ बघत परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच साडेतीन किलोमीटर चढून आत गेलो, तर ते फूल पावसाने झोपवलेलं. ती वही अजून कपाटात आहे, अडीच पाकळ्यांची. तुम्हाला बसायची सवय नसेल, फोटो काढून पुढे जाणाऱ्यांपैकी असाल, तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही. मी मोकळेपणाने मान्य करतो.

तीर्थनला फुलं नव्हती. ऑक्टोबरात असायची कुठून! परवाना साई रोपाच्या वनखात्याच्या केंद्रातून, बरोबर माहितगार घ्यावा लागतो, तंबू आणि शिधा आपला. गुशैनीपासून नदीकाठाने आठ-नऊ किलोमीटरवर पार्कचं फाटक, पुढे थोड्या अंतरावर रोला. तिथे दोन रात्री राहिलो. दरी इतकी अरुंद की ऊन उशिरा येतं आणि चारलाच निघून जातं, मग हुडहुडी. खर्चही जास्त. सहा जणांत वाटला जाणारा माहितगार, स्वयंपाकी आणि हमाल आम्हा दोघांच्याच डोक्यावर. एकांतासाठी गेलो आणि मागे तिघांची वरात! चहा मी करते म्हणून ही दोनदा उठली, स्वयंपाक्याने दोन्ही वेळा हात जोडून बसवलं. आडोसा म्हणाल तर झुडपाचा. आणि रोल्याहून वरच्या शिल्टचा चढ सरळ अंगावर येतो. माझ्या गुडघ्यांनी तिथे मला बरंच ऐकवलं.

पण तीर्थनवर सरकारने वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत, त्यामुळे ती नदी रात्रभर बोलत असते. घड्याळ माझ्याकडे होतं, तंबूत उशाशी. तीन दिवसांत वेळ बघायची आठवण झाली ती परतीच्या बससाठी. हिने वहीत खनोरच्या झाडाचं एक फळ काढलं, काटे नसलेली सालं आणि आतली तपकिरी चकचकीत बी. दोन सकाळी लागल्या, कारण मध्येच शेजारच्या रानातून मोनाल पक्ष्याने शीळ घातली आणि आम्ही अर्धा तास हललो नाही. जुजुराणा पक्षी मात्र दिसला नाही. हिमाचलचा राज्यपक्षी असून लोकांना वर्षानुवर्षं दिसत नाही म्हणतात, आम्हाला तीन दिवसांत कुठला दिसणार?

भाच्याला मी एवढंच म्हटलं, सूनबाईला फुलंच बघायची असतील तर व्हॅलीला पर्याय नाही, आणि खर्चही कमी. नाहीतर मालवाचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, कुल्लूचा दसरा संपल्यानंतरची तारीख बघून ठेव. आणि शेव दोन पाकिटं जास्तीची घे, मागचे तिघं पहिल्याच संध्याकाळी संपवतात.