भरतीच्या मैदानावर उतरण्याआधी: चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक की पावडर?

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी जथ्याजथ्यानं पळताना दिसतील. त्यातल्या काहींचा सराव मी घेतो. मैदानी चाचणीची तारीख लागली की दर वर्षी तोच प्रश्न येतो: "सर, पळायच्या आधी काय घेऊ?" कुणाच्या पिशवीत एनर्जी ड्रिंकचा डबा असतो, कुणाला जिममधल्या दोस्तानं चमचाभर पावडर बांधून दिलेली असते. एका पोरानं मला दबक्या आवाजात इंजेक्शनबद्दल विचारलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

चहा, कॉफी, डबा, पावडर या सगळ्यांत काम करतं ते कॅफिन. आधी ते करतं काय ते बघू. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॅफिन त्याच जागा अडवून धरतं. नवी ताकद कुठून येत नाही, थकल्याची वर्दी तेवढी उशिरा पोचते. पायांत महिनोन्महिन्यांचा सराव असेल तर याचा उपयोग आहे, नसेल तर नाही.

उपयोग किती? पल्ल्याच्या व्यायामात साधारण २-३ टक्के. चाचणीतले १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढणाऱ्याला सहा-सात सेकंद मिळू शकतात, आणि तिथं एकेक सेकंदाला किंमत असते. १०० मीटरला आणि गोळाफेकीला फरक त्याहून कमी. हात थरथरले तर गोळाफेकीत तोटाच. शिवाय हा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, काहींना काहीच जाणवत नाही. प्रमाण म्हणाल तर वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅमवर सर्वाधिक अभ्यास झालेत, काहींना २ वरही फरक पडतो. ९ पर्यंत नेलं तर फायदा वाढत नाही, धडधड आणि मळमळ मात्र वाढते. म्हणजे ६० किलोच्या पोराला १२० ते १८० मिलिग्रॅम पुष्कळ झालं. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

चहा. १५० मिलिलिटरच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम. टपरीवरचा हाफ घेतला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. १२० गाठायला चार-पाच हाफ लागतील, म्हणजे तेवढं दूध आणि साखर पोटात घेऊन पळायचं. स्टॅमिन्यासाठी चहा निवडू नका. पण ज्याला रोज सकाळी चहा लागतो त्यानं चाचणीच्या दिवशी तो तोडूही नये, कारण सवयीचं कॅफिन चुकलं की बारा-चोवीस तासांत डोकं धरतं.

कॉफी. माझं मत उघडपणे हिच्या बाजूनं आहे. इन्स्टंट कॉफीच्या कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम, दळलेल्या बियांच्या कॉफीत ८० ते १२०. दोन चमचे इन्स्टंट कॉफी गरम पाण्यात, दूध न घालता, की साधारण १२० होतं. खर्च दहा रुपयांच्या आसपास, आणि आपण काय पितोय हे आपल्याला माहीत असतं. पळण्याआधी पाऊण ते एक तास घ्यायची, कारण रक्तात पातळी चढायला तेवढा वेळ लागतो. अडचण एकच, काहींना ती प्यायली की लगेच शौचाला जावं लागतं. हे मैदानावरच्या रांगेत पहिल्यांदा कळता कामा नये.

एनर्जी ड्रिंक. आपल्याकडच्या नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५. दोन चमचे कॉफीपेक्षा कमी! वर गॅस आणि बहुतेकांत साखर. डब्यावर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं, तरी शाळेच्या दप्तरात हे डबे सापडतात, याचं मला फार वाईट वाटतं. पळण्याआधी तर नकोच, गॅसनं पोटात कळ येते.

प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची पावडर. एका स्कूपमध्ये (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) २०० ते ३०० मिलिग्रॅम असणं नेहमीचं आहे. साठ किलोच्या पोरानं ३०० घेतलं तर दर किलोला ५ झालं, त्यावर सकाळचा चहा वेगळा. अंगाला मुंग्या येतात त्या पावडरीतल्या बीटा-ॲलनीन या दुसऱ्या घटकामुळे, त्याचा कॅफिनशी संबंध नाही. मुंग्या आल्या म्हणजे पावडर 'चढली' असं पोरं समजतात. सुट्ट्या, लेबल नसलेल्या पावडरीला हात लावू नका. शुद्ध कॅफिनची पावडर असेल तर चमचाभरात जीव जाऊ शकतो, १२०० मिलिग्रॅम झटक्यात पोटात गेलं तरी फिट येऊ शकते.

तालमीतल्या मल्लांसाठी एक जास्तीची गोष्ट. कॅफिन २००४ पासून खेळातल्या उत्तेजकांच्या बंदीच्या यादीत नाही. पण पावडरीत न छापलेलं दुसरं उत्तेजक निघालं तर उत्तेजक चाचणीत अडकतो तो मल्ल. खासबागेत उतरायचं स्वप्न बघणाऱ्यानं एका स्कूपसाठी ते पणाला लावू नये. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि बदामाची थंडाई यांत कॅफिन नाही, ती अंग भरायला आहेत, त्यांची जागा वेगळी.

आता इंजेक्शन. मेफेंटरमिन हे औषध भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायला ऑपरेशन थिएटरात वापरतात. ते ॲम्फेटामिन या उत्तेजकाच्या कुळातलं आहे आणि खेळात स्पर्धेच्या वेळी त्यावर बंदी आहे. रक्तदाब एकदम चढणं, छातीत धडधड, सवय लागणं, भास होणं, हे सगळं त्यानं होतं. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू मों व्हांतूच्या चढावर उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या अंगात ॲम्फेटामिन होतं. शरीर थांब म्हणत असतं, औषध ते ऐकू देत नाही. पोरांनो, हात जोडून सांगतो, हे घेऊ नका. मित्र घेत असेल तर त्याच्या घरी सांगा, तो रुसला तरी चालेल.

झोपेचं बघा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १८० घेतलं तर रात्री अकराला ९० अंगात असतंच. बाहेरच्या जिल्ह्यात चाचणी असली की पोरं रात्रीच्या गाडीत चहावर चहा घेत जातात आणि सकाळी जड पायांनी पळतात. त्या दिवशी दुपारनंतर चहा-कॉफी बंद ठेवा.

मुलींनी अजून एक जपावं. जेवणाबरोबरचा चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर अंतर ठेवा. रक्त कमी असेल तर १६०० काय, ८०० मीटरलाही दम पुरत नाही, आणि ती कसर कॉफीनं भरून निघत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन उतरायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, त्या हिशोबानं कमी घ्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी, मुलगा असो वा मुलगी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

कॉफी ठरवलीच, तर चाचणीआधीच्या महिन्यात दोनदा करून बघा: पहाटेची तीच वेळ, तेच दोन चमचे, आणि घड्याळ लावून पूर्ण १६००. वेळ लिहून ठेवा. पोट बिघडलं किंवा छाती धडधडली तर चाचणीच्या दिवशी एक केळं आणि पाणी घेऊन पळा.